घंटा वाजवणं गुन्हा होता

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर त्रिनिदाद नावाचं बेट आहे. दरवर्षी 30 मार्चला तिथे सरकारी सुट्टी असते. शाळा, बँका, कचेऱ्या बंद असतात आणि डोक्याला फडकी बांधलेल्या बायका, लांब झगे घातलेले पुरुष घंटा वाजवत, गात, उघड्यावर प्रार्थना करतात. या लोकांना स्पिरिच्युअल बाप्टिस्ट म्हणतात. त्यांचं दुसरं नाव शाउटर बाप्टिस्ट, म्हणजे ओरडून प्रार्थना करणारे. 1917 ते 1951 या काळात त्यांनी हीच घंटा वाजवली असती तर पोलीस वॉरंटशिवाय आत शिरले असते आणि त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं असतं. ज्या सरकारी दप्तरात त्यांची प्रार्थना गुन्हा म्हणून नोंदलेली होती, त्याच दप्तरात आज त्यांचा दिवस सुट्टी म्हणून नोंदलेला आहे.

अल्पसंख्याकांच्या सणाला सार्वजनिक सुट्टी द्यावी का, हा वाद जगात अनेक ठिकाणी चालतो. बहुतेक वेळा तो कामाचे दिवस आणि लोकसंख्येचे टक्के यांतच अडकून पडतो. त्रिनिदादचा इतिहास या वादाला पुष्कळ खोल नेतो.

या पंथाची मुळं एकाच जागी सापडत नाहीत. 1812 साली सुरू झालेल्या ब्रिटन-अमेरिका युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना 1815-16च्या सुमारास दक्षिण त्रिनिदादमध्ये जमिनी देऊन वसवण्यात आलं. त्यांच्याबरोबर बाप्टिस्ट पंथ बेटावर आला. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा बेटांवरून मजुरीसाठी आलेल्यांनी आपल्या पद्धती आणल्या. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन लोकांच्या जुन्या श्रद्धा त्यात मिसळल्या. बायबल हातात, येशूवर श्रद्धा, पण प्रार्थनेत टाळ्या, डोलणं, अंगात येणं आणि गाता गाता एका लयीत जोराने श्वास घेणं. कित्येक प्रार्थनाघरांत फुलं घातलेला पितळी लोटाही दिसतो. तो उसाच्या मळ्यांवरच्या भारतीय मजुरांकडून आलेला आहे. शेजारच्या वस्तीत पूजा चालायची, ती पाहणाऱ्यांनी लोटा आपलासा केला आणि त्यात येशूसाठी पाणी भरलं.

वसाहतीच्या राज्यकर्त्यांना यात धर्म दिसला नाही, गोंगाट दिसला. सेंट व्हिन्सेंटने 1912 साली अशाच पंथावर बंदी घातली होती. त्रिनिदादच्या ॲटर्नी जनरलने तोच दाखला दिला. हे लोक तिकडे उपद्रव ठरले, आता इकडे आले आहेत आणि त्यांच्याविषयी तक्रारी येत आहेत, असं त्याने विधिमंडळाला सांगितलं. 16 नोव्हेंबर 1917 रोजी ‘शाउटर्स प्रोहिबिशन ऑर्डिनन्स’ मंजूर झाला. त्या विधिमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. पहिली निवडणूक व्हायला 1925 साल उजाडायचं होतं आणि तीही मूठभर मालमत्ताधारकांपुरती. ज्यांच्यावर कायदा झाला त्यांच्या बाजूने सभागृहात बोलणारं कुणीच नव्हतं.

कायद्याची कलमं आज वाचली तरी अंगावर काटा येतो. दोन किंवा अधिक माणसं जमली आणि त्यांनी शाउटरांच्या चालीरीतीप्रमाणे काही केलं, तर ती बेकायदा सभा. ती घरात असो वा उघड्यावर. शाउटरांसाठी घर बांधणं गुन्हा, आणि दीक्षेसाठी कुणाला त्या घरात कोंडून ठेवणं हाही गुन्हा. समोरचा माणूस शाउटर आहे की नाही, हे कोण ठरवणार? दंडाधिकारी. त्याचा निर्णय अंतिम. आरोपी स्वतःला काहीही म्हणवोत, त्याने फरक पडत नव्हता. मग खटल्यांत पुरावा म्हणून खुणा मांडल्या जाऊ लागल्या: डोक्याला पांढरं कापड, हातात पेटती मेणबत्ती, थांबून थांबून वाजणारी घंटा, हातातली फुलं, जमिनीवर खडूने काढलेल्या पांढऱ्या रेघा, अंगाचं जोरात हलणं, ओरडणं. यातली बहुतेक चिन्हं जगातल्या कोणत्याही देवळात किंवा चर्चमध्ये आढळतील. कॅथलिकांची मेणबत्ती पवित्र आणि शाउटरांची बेकायदा, इतकाच फरक होता.

याच 1917 सालात त्रिनिदादच्या दुसऱ्या एका समाजाच्या आयुष्यात मोठी घटना घडली होती. भारतातून करारावर मजूर पाठवणं त्या वर्षी थांबलं. ‘फातेल रझाक’ हे जहाज 30 मे 1845 रोजी कलकत्त्याहून सव्वादोनशे मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं होतं. तेव्हापासून 1917पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार भारतीय तिथे पोचले. ही पद्धत बंद व्हावी म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी 4 मार्च 1912 रोजी भारताच्या केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला होता. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला, पण आवाज उठला तो उठलाच आणि पाच वर्षांनी सरकारला माघार घ्यावी लागली. भारतीयांच्या गुलामीसारख्या कराराला पूर्णविराम लागत होता, त्याच वर्षी आफ्रिकन वंशाच्या गरिबांच्या प्रार्थनेवर बंदी येत होती.

भारतीय मजुरांनाही सणाची किंमत माहीत होती. मोहरमला तिथे होसे म्हणतात. मळ्यामळ्यांवरून ताबूत निघत आणि त्यांत मुसलमानांबरोबर हिंदूही असत. ऊस कारखान्यांतला असंतोष वाढत होता आणि एवढी माणसं एकत्र येणं मळेमालकांना धोक्याचं वाटू लागलं. 1884 साली सरकारने ताबूत शहरात आणायला मनाई केली. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर मिरवणुका आल्या तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार 16 माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. त्याच दशकात आफ्रिकन लोकांच्या ढोलांवर निर्बंध आले. तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. ती परंपरा पुढे लोखंडी पिंपांपर्यंत पोचली आणि त्यातून जगप्रसिद्ध स्टीलपॅन जन्मलं. गरिबांचा सण हा सुव्यवस्थेचा प्रश्न, हे त्या राजवटीचं सूत्र होतं. शाउटरांवरचा कायदा त्याच सूत्रातून निघाला.

बंदीने प्रार्थना थांबली नाही, ती रानात गेली. रात्री, वस्तीपासून दूर, राखणीला माणूस बसवून सभा भरू लागल्या. पोलीस आले की घंटा लपवायची, मेणबत्त्या विझवायच्या आणि अंधारात पांगायचं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मेलव्हिल आणि फ्रान्सिस हर्स्कोविट्स 1939 साली टोको या ईशान्येकडच्या गावात राहिले. तिथल्या शाउटरांचं जगणं त्यांनी ‘त्रिनिदाद व्हिलेज’ या 1947च्या ग्रंथात नोंदवलं आणि बंदीच्या कायद्याची कलमंही छापली. पंथाचा सर्वांत पवित्र विधी तिथे ‘मोर्निंग’, म्हणजे शोक, म्हणून ओळखला जातो. दीक्षा घेणारा माणूस डोळ्यांना पट्ट्या बांधून कित्येक दिवस बंद खोलीत जमिनीवर पडून राहतो, उपास करतो, आणि त्याचा आत्मा दूरदेशी प्रवास करून येतो अशी श्रद्धा आहे. कायद्याने कोंडून ठेवण्याचा गुन्हा म्हटलं ते याला. मुक्तीच्या शोधात स्वखुशीने डोळे बांधून घेणारा माणूस कायद्याच्या लेखी डांबलेला ठरला.

या पंथातून त्रिनिदादला एक मोठा कामगारनेताही मिळाला. ग्रेनाडात जन्मलेला युरिया ‘बझ’ बटलर बाप्टिस्ट उपदेशक होता. त्याने तेलक्षेत्रातल्या मजुरांना संघटित केलं. 19 जून 1937 रोजी फायझाबाद इथे पोलीस त्याला अटक करायला गेले आणि दक्षिण त्रिनिदाद पेटलं. बायबलच्या भाषेत मजुरीची मागणी करणाऱ्या या माणसाचा तो दिवस आज तिथे कामगार दिन आहे, आणि त्यालाही सुट्टी आहे.

बंदी उठवण्याचा लढा दुसऱ्या एका ग्रेनाडावाल्याने लढवला. एल्टन जॉर्ज ग्रिफिथ 1941 साली त्रिनिदादला आला. विखुरलेल्या, एकमेकांशीही न जुळणाऱ्या मंडळ्यांना त्याने एका संघटनेखाली आणलं, अर्ज लिहिले, सभासदांच्या भेटी घेतल्या. लपून राहण्याची सवय लागलेल्या लोकांना उघड सही करायला लावणं हे त्याच्या कामातलं सर्वांत अवघड काम असणार. पण काळ बदलला होता. 1946 साली प्रत्येक प्रौढाला मताधिकार मिळाला आणि बंदीखालचा माणूस अचानक मतदार झाला. अल्बर्ट गोम्स यांच्यासारख्या नेत्यांनी बाजू उचलून धरली आणि 30 मार्च 1951 रोजी विधिमंडळाने कायदा रद्द केला. मत नव्हतं तेव्हा कायदा आला आणि मत आलं तेव्हा तो गेला. धर्मस्वातंत्र्य आणि मताधिकार यांचं नातं इतकं उघडपणे क्वचितच दिसतं.

बंदी गेली तरी हिणवणं राहिलं. शाउटर म्हणजे अडाणी, भूतखेतवाले, हा समज शाळांत आणि प्रतिष्ठित चर्चमध्ये पुढची कित्येक दशकं टिकून होता. कायदा रद्द झाल्याने शिक्षा थांबली, कलंक तसाच राहिला. सुट्टीची मागणी त्यातून आली.

तोवर देशाने सुट्ट्यांचा एक मोठा निर्णय घेऊन दाखवला होता. 31 ऑगस्ट 1962 रोजी त्रिनिदाद आणि शेजारचं टोबॅगो बेट मिळून एक देश म्हणून स्वतंत्र झाले. वसाहतीची सुट्ट्यांची यादी ख्रिस्ती सण आणि राजघराण्याभोवती फिरणारी होती. 1966 साली पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या सरकारने दिवाळी आणि ईद-उल-फित्र यांना सार्वजनिक सुट्टी दिली. तेव्हा हिंदू लोकसंख्येच्या चौथाईच्या आसपास होते आणि मुसलमान त्याहून खूप कमी. विल्यम्स यांच्या पक्षाचा पाया आफ्रिकन वंशाच्या मतदारांत होता आणि बहुसंख्य हिंदू त्यांच्या विरोधात मत देत. तरीही हा निर्णय झाला. त्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. 1945चा कायदा होईपर्यंत पंडिताने लावलेलं हिंदू लग्न त्रिनिदादच्या सरकारला मान्य नव्हतं. नोंदणी नसलेल्या अशा लग्नाची मुलं कायद्याच्या नजरेत अनौरस असत आणि वारसाहक्काला मुकत. आजोबांचं लग्न ज्या राज्याने मानलं नाही, त्याच भूमीवर नातवंडांची दिवाळी राष्ट्राची सुट्टी झाली. आज तिथे दिवाळीला बांबू चिरून, वाकवून, कमानी करून त्यांवर ओळीने पणत्या लावतात, आणि पणत्या लावणाऱ्यांत सगळे हिंदू नसतात. चगुआनास इथे 1986पासून ‘दिवाळी नगर’ भरतं, त्यालाही सर्व धर्मांचे लोक येतात. सुट्टीमुळे शेजाऱ्याला सण बघायला वेळ मिळाला.

1985 साली पुढचं पाऊल पडलं. कोलंबसने 1498 साली बेट पाहिलं त्याची आठवण म्हणून ‘डिस्कव्हरी डे’ची सुट्टी असे. ती काढून 1 ऑगस्टला गुलामीतून मुक्तीचा दिवस आला. नंतर भारतीयांच्या आगमनाच्या दिवसालाही सुट्टी देण्याची मागणी जोर धरू लागली. 1995 साली दीडशे वर्षं पूर्ण होत होती. पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग यांच्या सरकारने 30 मेची सुट्टी दिली, पण नुसता ‘आगमन दिन’ म्हणून. भारतीय समाज नाराज झाला, कारण ज्यांच्या आगमनाचा दिवस होता त्यांचंच नाव त्यात नव्हतं. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला निवडणूक झाली. दोन्ही मोठ्या पक्षांना 17-17 जागा आणि उरलेल्या 2 जागा तिसऱ्याकडे. त्या दोघांच्या आधाराने बासदेव पांडे पंतप्रधान झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय वंशाचे नेते. पुढच्या वर्षी 30 मेच्या सुट्टीला ‘भारतीय आगमन दिन’ हे नाव मिळालं. आणि त्याआधीच, 1996च्या जानेवारीत, पांडे यांच्या सरकारने शाउटर बाप्टिस्टांना 30 मार्चची सुट्टी जाहीर केली होती.

ही घटना त्रिनिदादच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते. एका हिंदू पंतप्रधानाने आफ्रिकन वंशाच्या, ख्रिस्ती, गरीब पंथाला राष्ट्रीय सुट्टी दिली. यात राजकारणाचा हिशेब होताच. काठावरच्या बहुमताला विरोधी गोटातली मतं हवी असतात. पण हिशेबाने घेतलेला निर्णयसुद्धा न्याय्य असू शकतो. पुढे मलोनी भागात या पंथाला सरकारी जमीन मिळाली आणि तिथे त्यांच्या नावाची प्राथमिक शाळा उभी राहिली. ज्यांना प्रार्थनेसाठी झोपडी बांधायची परवानगी नव्हती, त्यांची मुलं आता सरकारमान्य शाळेत जातात. 2011च्या जनगणनेत या पंथाचे लोक 5.7 टक्क्यांच्या आसपास भरले. एके काळी राज्यकर्त्यांचा धर्म असलेल्या अँग्लिकन चर्चचा वाटाही जवळपास तेवढाच होता.

आक्षेपही होते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पहिला आक्षेप पैशाचा. त्रिनिदादच्या यादीत आज 14 सुट्ट्या आहेत आणि लहान देशाला प्रत्येक बंद दिवस महाग पडतो. दुसरा, एकाला दिली की दुसरा मागतो. तसं झालंही. योरुबा परंपरेचे ओरिशा उपासक, चिनी वंशाचे लोक आणि बेटाचे मूळ रहिवासी यांनी आपापले दिवस मागितले. मूळ रहिवाशांना 13 ऑक्टोबर 2017 रोजी एकाच वर्षापुरती सुट्टी मिळाली. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार होता: नव्याला जागा करताना कुणाला उठवायचं? ‘व्हिट मंडे’ ही ख्रिश्चनांची जुनी सुट्टी यादीतून गेली. 24 सप्टेंबरचा प्रजासत्ताक दिनही काही वर्षं यादीबाहेर राहिला आणि 2002 साली परत आला. प्रजासत्ताकाचा दिवस हा कुणा एका समाजाचा नव्हता, सगळ्यांचा होता. तो काढून पंथांच्या सुट्ट्यांना जागा करणं चुकलं होतं, आणि ती चूक दुरुस्त झाली हे बरंच झालं.

काही जण सुचवतात की कुणालाच सुट्टी नको, प्रत्येकाने आपल्या सणाला रजा घ्यावी. ऐकायला हे समतेचं वाटतं. पण त्रिनिदादचाच कार्निव्हल पाहा. सोमवार-मंगळवारचा तो उत्सव जगात गाजलेला आहे आणि तो कायद्याने सार्वजनिक सुट्टी नाही. तरी त्या दोन दिवसांत देश ठप्प असतो, कारण सगळ्या समाजाला कार्निव्हल हवा असतो. बलवानाच्या सणाला कायद्याची गरज नसते, त्याच्यासाठी दुकानं आपोआप बंद होतात. ज्याला साहेबापुढे उभं राहून रजा मागावी लागते, ज्याच्या मुलाची परीक्षा नेमकी सणाच्या दिवशी येते, त्याला कायद्याचा आधार लागतो. मळ्यावरच्या मजुराने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने मागितलेली रजा आणि राष्ट्राने दिलेली सुट्टी या एका मापाच्या गोष्टी नाहीत.

म्हणून प्रत्येक समाजाच्या प्रत्येक सणाला सुट्टी द्यावी, असं माझं म्हणणं नाही. तसं करता येणारही नाही. पण टक्के मोजण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. या समाजाचा धर्म, त्याची लग्नं, त्याची मिरवणूक राज्याने कधी नाकारली होती का? नाकारली असेल तर तो नकार कुठे आणि कसा मागे घेतला? आजच्या यादीत सगळ्या सुट्ट्या एकाच परंपरेच्या आहेत का? नव्या सुट्टीसाठी दुसऱ्याचा दिवस हिसकावला जाणार आहे का? आणि सुट्टीबरोबर जमीन, शाळा, कायद्यातलं समान स्थान हेही मिळणार आहे, की सुट्टीवरच बोळवण होणार आहे? शाउटरांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं सुट्टीच्या बाजूने पडली, म्हणून ती सुट्टी आज कुणाला उपकार वाटत नाही.

राज्य जेव्हा एखाद्या समाजाच्या सणाचा दिवस आपल्या यादीत लिहितं, तेव्हा ते त्या समाजाला विश्रांती देत नसतं, तर इथला माणूस म्हणून त्याची नोंद करत असतं. एके काळी त्याच राज्याने त्याला गुन्हेगार म्हणून नोंदलं असेल, तर ही दुसरी नोंद करणं त्याचं कर्तव्यच आहे. त्रिनिदादने ते 45 वर्षं उशिरा केलं, पण केलं. जिथे अशी मागणी पुढे येईल तिथे कामाचे किती दिवस बुडतील हे जरूर मोजावं, पण त्याआधी त्या समाजाचा जुना हिशेब काढून पाहावा.